हृदयाचा स्नायू थकतोय, हे धाप लागण्याआधी कसं ओळखायचं

पाय सुजलेत, रात्री आडवं झालं की घुसमटतं, एका उशीच्या तीन उशा झाल्यात, अशा अवस्थेत माणूस दवाखान्यात आला की हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाला पुरेसं रक्त ढकलता न येणं, ओळखायला फार वेळ लागत नाही. पण त्याच्या हृदयाचा स्नायू काही त्या आठवड्यात कमजोर झालेला नसतो. बहुतेकांचा तो कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं ढासळत आलेला असतो आणि हृदय आपल्या परीनं निभावून नेत असतं. या निभावून नेण्याच्या काळात सापडलं, तर पुढचं पुष्कळदा टाळता येतं, निदान बरंच लांबवता येतं. म्हणून हे लिहितेय.

मी जनरल प्रॅक्टिस करते. दवाखाना पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी आहे. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मी करत नाही, त्यासाठी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवते. पण कोणाला पाठवायचं, कधी पाठवायचं आणि आलेल्या रिपोर्टमधली कोणती ओळ आधी वाचायची, हे घरच्या डॉक्टरला ठरवावं लागतं. ते तुम्हालाही कळायला हवं, कारण निम्मी माहिती तुमच्याच घरात असते.

अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी 2001 मध्ये या आजाराचे ए, बी, सी, डी असे चार टप्पे मांडले. ए म्हणजे हृदय अजून ठीक आहे, पण बीपी, मधुमेह असं काहीतरी मागे लागलेलं आहे. बी म्हणजे हृदयात बदल झालाय, माणसाला मात्र काहीही जाणवत नाही. सी मध्ये त्रास सुरू होतो आणि डी मध्ये नेहमीची औषधं पुरी पडत नाहीत. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बी टप्प्याला प्री-हार्ट फेल्युअर असं नाव दिलं गेलं. आपल्याला शोधायचा आहे तो हा बी.

आधी ठरवा, शोधायचं कोणात

तिशीतला माणूस, बीपी-शुगर नाही, घराण्यात कोणाला हृदयाचं काही नाही, दम चांगला आहे, अशानं उगाच इको करत फिरू नये. पैसे जातात आणि रिपोर्टमधल्या एखाद्या निरुपद्रवी शब्दानं झोप उडते. पण खाली सांगतेय त्यांपैकी एक जरी गोष्ट तुमच्या बाबतीत खरी असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पहिला नंबर बीपीचा. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाची भिंत जाड होते. तालमीत जाणाऱ्याचा दंड जाड झाला तर ताकद वाढते, हृदयाचं तसं होत नाही. जाड भिंत ताठर होते, ती नीट सैलावत नाही, आत रक्त भरायला जागा कमी पडते आणि दाब मागे फुप्फुसांकडे सरकू लागतो. बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून मधेच सोडणाऱ्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

मग मधुमेह. रक्तवाहिन्यांमध्ये एकही ब्लॉक नसला तरी मधुमेह थेट स्नायूवर परिणाम करू शकतो. इथे एक गैरसमज दूर करते: "मी तर बारीक आहे, मला कुठलं काय?" आपल्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये एक छोटंसं टिपण लिहिलं होतं. त्यात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. यडकिन असे दोघांचे फोटो शेजारी शेजारी आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबी जास्त, ही आपली ठेवण. त्यामुळे वजनकाट्यावर विश्वास ठेवून तपासणी टाळू नका.

आधी हार्ट अटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसलाय, बायपास झालंय, असे लोक तर यादीत आहेतच. अडचण अशी की अँजिओप्लास्टी झाली की नळ मोकळा झाला, प्रश्न मिटला, असं घरात सगळ्यांना वाटतं. नळ मोकळा झाला हे खरं, पण अटॅकमध्ये मेलेला स्नायू परत येत नाही आणि उरलेल्यावर भार पडतो. अशा माणसानं पुढेही ठरावीक काळानं इको करायलाच हवा.

दोन गट असे आहेत, ज्यांच्याकडे घरच्यांचं लक्षच जात नाही. एक, कॅन्सरचे उपचार घेतलेले. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये काही रुग्णांना दिलं जाणारं ट्रास्टुझुमॅब, ही दोन्ही हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतात. ती द्यायलाच लागतात, जीव वाचवतात, त्यांना घाबरून उपचार सोडायचे नाहीत. पण पहिल्या डोसच्या आधी इको झालेला असला पाहिजे, म्हणजे नंतर तुलना करता येते. ट्रास्टुझुमॅब चालू असताना साधारण दर तीन महिन्यांनी इको करतात. लाल औषधामुळे होणारी इजा बहुतेक वेळा केमो संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षातच दिसू लागते, तेव्हा केमो संपली, आता सुटलो, असं म्हणून फाइल बंद करू नका.

दुसरा गट बाळंतिणींचा. गरोदरपणाचा शेवटचा महिना ते बाळंतपणानंतरचे पाच महिने या काळात, आधी धडधाकट असलेल्या मुलीचंही हृदय कमजोर होऊ शकतं. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा पहिले काही दिवस वाया जातात, कारण "पोट वाढलंय, धाप लागणारच," "रात्रभर बाळ जागवतं, थकवा येणारच," असं आई म्हणते, सासू म्हणते आणि ती मुलगीही मान डोलावते. बाळंतीण आडवी झोपू शकत नसेल, बसून झोपत असेल, सूज उतरण्याऐवजी वाढत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा आणि "हृदय तपासाल का?" असं सरळ विचारा.

बाकीचे पटकन सांगते. वर्षानुवर्षं जास्त दारू, किडनीचा आजार, लहानपणी सांधेताप येऊन झडप खराब झालेली, नाडी सतत जलद किंवा अनियमित, झोपेत मोठमोठ्यानं घोरून मधेच श्वास अडकणं. आणि घराणं. वडील किंवा काका पन्नाशीच्या आत अचानक गेले, कोणाचं "हृदय मोठं झालं होतं", असं काही कानावर आलं असेल तर ते डॉक्टरला सांगा. 2009 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं झालेल्या एका संशोधनात असं दिसलं, की एमवायबीपीसी3 या जनुकातला 25 अक्षरांचा तुकडा गळालेला असणं भारतीय उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांमध्ये आढळतं आणि त्यांना हृदयस्नायूच्या आजाराचा धोका जास्त असतो. यासाठी प्रत्येकानं जनुकं तपासायची गरज नाही. पण घराण्याचा इतिहास विचारणं ही आपल्याकडे नुसती औपचारिकता नाही, एवढं त्यावरून समजावं.

"काय होतंय?" असं विचारू नका

"काही त्रास होतो का?" या प्रश्नाला पुण्यात ठरलेलं उत्तर आहे: "छे, काही नाही." आणि माणूस खोटं बोलत नसतो. स्नायू हळू कमजोर होतो तसा माणूसही हळूहळू आपला दिवस आखडता घेतो. जेवढं झेपतं तेवढंच करतो, मग त्रास होणार कुठून? म्हणून मी विचारते, "गेल्या दिवाळीला करत होतात आणि आता करत नाही, असं काय काय आहे?"

यावर माणसं थांबतात, विचार करतात. रोज सकाळी पर्वती चढून देवदेवेश्वराला जाणारे काका. आधी एका दमात वर जायचे, मग अर्ध्यावर कठड्याला टेकायला लागले, मग "गुडघे कुरकुरतात" म्हणून सारसबागेत चकरा मारायला लागले. गुडघ्याचं कारण ऐकलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला: चढताना थांबता की उतरताना? झिजलेला गुडघा उतरताना जास्त दुखतो. हृदय चढताना थांबवतं. चढताना थांबून उतरताना झपाझप येणाऱ्या माणसाच्या गुडघ्याला मी दोष देत नाही.

वारीला जाणाऱ्यांना मी दिवे घाटाचं विचारते. दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर घाट चालत चढणारी बाई यंदा सासवडपर्यंत गाडीनं गेली, तर का गेली? सून म्हणाली म्हणून, की गेल्या वर्षी घाटात बसावं लागलं होतं म्हणून? पेठेतल्या जुन्या वाड्यांमध्ये लाकडी जिने खडे असतात. तिथली एखादी मावशी गॅलरीतून दोरीला पिशवी सोडून भाजी वर घ्यायला लागली की सगळ्यांना ती सोय वाटते. तिनं जिना किती महिन्यांत उतरला नाही, ते विचारा.

आणि हे सगळं शक्यतो जोडीदारासमोर विचारावं. नवरा "मी ठणठणीत" म्हणत असतो तेव्हा शेजारून, "अहो डॉक्टर, हे तुळशीबागेतून मंडईपर्यंत दोनदा थांबले, पिशव्या मीच धरल्या," असं ऐकू येतं. त्या एका वाक्यावरून मी इको सांगितलेला आहे.

घरी करून पाहण्यासारखी एक गोष्ट. एक जिना निवडा, सोसायटीचा चालेल. महिन्यातून एकदा, जेवणानंतर नाही, नेहमीच्या चालीनं तीन मजले चढा. वर पोचल्यावर पूर्ण वाक्य न थांबता बोलता येतंय का आणि श्वास नेहमीसारखा व्हायला किती वेळ लागतो, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. शेजाऱ्याशी तुलना नको, स्वतःच्याच मागच्या महिन्यांशी करा. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि हा प्रयोग परत न करता डॉक्टरकडे जायचं. ज्यांना आधीच छातीत दुखतं किंवा नुकताच अटॅक येऊन गेलाय, त्यांनी हा प्रयोग करूच नये.

काही खुणा मात्र बी टप्प्याच्या पुढच्या आहेत: आडवं झाल्यावर खोकला किंवा धाप, रात्री गुदमरून जाग येणं, रांगोळी काढायला किंवा बुटाची नाडी बांधायला वाकलं की अर्ध्या मिनिटात श्वास कोंडणं, घोट्याशी दाबलं की खड्डा पडणं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं. यातलं काही असेल तर जिना मोजत बसू नका, आठवड्याच्या आत दाखवा. आणि बसल्याजागी धाप लागतेय, छातीत दाबल्यासारखं होतंय, शुद्ध हरपली, यासाठी 108.

दम कमी होण्याची इतरही कारणं असतात. हिमोग्लोबिन आठ असलेल्या कितीतरी बायका मी पाहते, त्यांची धाप रक्त भरून आलं की जाते. थायरॉइड, वाढलेलं वजन, दमा, नुसती सवय मोडणं, हेही असतं. त्यामुळे वरच्या प्रश्नांनी निदान होत नाही. पुढची तपासणी कोणाला लागणार, तेवढं कळतं.

तपासण्या, आणि कोणत्या तपासणीकडून काय अपेक्षा ठेवायची

बीपी घरी मोजा, पण नीट. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसून, दंड हृदयाच्या उंचीला, पट्टा दंडाच्या मापाचा. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सलग आठवडाभर. सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त आली तर ते वाढलेलं बीपी. दवाखान्यात घाईघाईनं जिना चढून आल्यावर घेतलेल्या एका आकड्यावर कोणाचंही भवितव्य ठरवू नये.

ईसीजी स्वस्त आहे, कुठेही होतो. जुन्या अटॅकची खूण, भिंत जाड झाल्याची खूण, डावा बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा), अनियमित ठोके, हे त्यात दिसतं. यातलं काही दिसलं तर इको लागतोच. पण ईसीजी नॉर्मल आहे म्हणून स्नायू नॉर्मल असेलच असं नाही.

टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर पळवतात ती तपासणी, मुख्यतः रक्तवाहिन्यांमधला अडथळा शोधायला आहे. कोलेस्टेरॉल हा धोक्याचा अंदाज झाला. अँजिओग्राफीत नळ्या दिसतात. "माझी अँजिओग्राफी क्लीन आहे" असं अभिमानानं सांगणाऱ्याचा स्नायू कमजोर असू शकतो. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये साठ-सत्तर तपासण्या असतात, त्यात इको आहे का ते स्वतः वाचा. बऱ्याचदा नसतो.

रक्ताची एक तपासणी मात्र या कामासाठीच आहे: एनटी-प्रोबीएनपी. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की स्नायूतून एक हार्मोन बाहेर पडतं, त्याचाच हा भाग रक्तात मोजतात. उपाशीपोटी जायची गरज नाही. रुग्णालयात दाखल नसलेल्या माणसात 125 किंवा त्याहून जास्त आलं तर इको करून पाहावं, असा संकेत आहे. बीएनपी नावाची भावंड तपासणी केली असेल तर तो आकडा 35. दोन्हींचे आकडे वेगळे, एकाची मोजपट्टी दुसऱ्याला लावू नका. वय जास्त असेल, किडनी कमजोर असेल, ठोके अनियमित असतील तर हा आकडा वाढतो. लठ्ठ माणसात तो कमी येतो, त्यामुळे जाड माणसाच्या नॉर्मल रिपोर्टवर मी पूर्ण विसंबत नाही.

या तपासणीवर माझा भर आहे, त्याला आधारही आहे. आयर्लंडमध्ये 1374 लोकांवर झालेला, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. धोका असलेल्या, पण त्रास नसलेल्या लोकांची बीएनपी तपासणी केली आणि ज्यांचा आकडा 50 च्या वर गेला, त्यांना इको आणि तज्ज्ञांकडे पाठवलं. नेहमीसारखे उपचार चाललेल्या गटात 8.7 टक्के लोकांमध्ये हृदयाची कमजोरी किंवा हार्ट फेल्युअर निघालं, तपासणीच्या गटात 5.3 टक्के. 2022 मध्ये अमेरिकन डायबेटीस असोसिएशनच्या तज्ज्ञगटानंही मधुमेहींची अशी एखादी रक्ततपासणी वर्षातून निदान एकदा करावी असं सुचवलं. तिमाही एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) मन लावून करणाऱ्या आपल्या लोकांनी त्यात वर्षातून एकदा ही जोडली तर बरंच काही हाती लागेल. तपासणी स्वस्त नाही, हे मला माहीत आहे. पैशांची अडचण असेल तर घरच्या डॉक्टरला मोकळेपणानं सांगा. ईसीजी आणि कमी दरात ससूनमध्ये इको, असाही मार्ग निघतो. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटायला संकोच करू नका.

इकोचा रिपोर्ट हातात आल्यावर

टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डाव्या कुशीवर झोपवतात, जेल लावतात, दुखत नाही. जाताना तीन गोष्टी सोबत न्या: उंची-वजनाचा आकडा, चालू औषधांची यादी आणि आधीचा प्रत्येक इको रिपोर्ट. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. जुने रिपोर्ट घर आवरताना रद्दीत देऊ नका, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. एका रिपोर्टवरून कळतं त्याच्या कितीतरी पट दोन रिपोर्ट शेजारी ठेवल्यावर कळतं.

सगळे आधी ईएफ पाहतात. डाव्या मोठ्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर गेलं, तो हा आकडा. 100 मिलिलिटर भरलं आणि 60 बाहेर गेलं तर ईएफ 60. कोणाचाच 100 नसतो, त्यामुळे 60 म्हणजे चाळीस टक्के हृदय बंद, असं काही नाही. पुरुषात साधारण 52 आणि स्त्रीत 54 च्या खाली गेला तर तो कमी धरतात. 41 ते 49 किंचित कमी, 40 आणि त्याखाली स्पष्ट कमी. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुष्कळ ठिकाणी ईएफ नजरेच्या अंदाजानं लिहिलेला असतो. अनुभवी नजर चुकत नाही असं नाही, पण आपल्याला तुलना करायचीय. म्हणून तपासणीआधी नम्रपणे विचारा, "बायप्लेन सिम्पसन पद्धतीनं मोजून लिहाल का?" आणि दोन वेळच्या मोजणीत पाच-सात पॉइंटचा फरक नुसत्या मोजण्यातूनही पडतो. 62 चा 58 झाला म्हणून घाबरायचं नाही. 62 चा 50 झाला तर रिपोर्टच्या खाली काहीही लिहिलेलं असो, डॉक्टरला गाठायचं.

ईएफ चांगला असूनही स्नायू थकलेला असू शकतो. भिंत जाड आणि कप्पा लहान झाला की टक्केवारी टिकून राहते, ताकद मात्र घटलेली असते. हे पकडायला जीएलएस हे मोजमाप आहे. डावा कप्पा आकुंचन पावताना लांबीत किती टक्के आखडतो, ते त्यात मोजतात. लांबीच्या दिशेनं काम करणारे आतल्या थरातले तंतू बीपी, मधुमेह, केमो यांना आधी बळी पडतात, त्यामुळे ईएफ ढळण्याआधी हा आकडा ढळतो. तो उणे चिन्हासह लिहितात. उणे 20 च्या आसपास चांगला. चिन्ह सोडून 16 च्या आत आला तर नक्की कमी, मधला पट्टा संशयाचा. केमो घेणाऱ्यात आधीच्या आकड्याच्या 15 टक्क्यांहून जास्त घट, उदाहरणार्थ 20 चा 16, ही धोक्याची सूचना मानतात. प्रत्येक यंत्राचा आकडा थोडा वेगळा येतो, म्हणून शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर परत करा. जीएलएस सगळीकडे करत नाहीत. अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारून घ्या.

आता मी स्वतः सगळ्यात आधी वाचते ती ओळ: वरचा डावा कप्पा, रिपोर्टमध्ये एलए. खालच्या कप्प्यात दाब वाढला की तो या कप्प्यात मागे साचतो आणि कप्पा मोठा होतो. बीपीचा एखाद्या दिवसाचा आकडा फसवू शकतो, कित्येक महिन्यांच्या दाबानं ताणलेला कप्पा फसवत नाही. त्याचं आकारमान शरीराच्या मापाला भागून 34 च्या वर गेलं तर मोठा. बऱ्याच रिपोर्टमध्ये नुसता व्यास असतो, आकारमान मागून घ्या.

भिंतीची जाडी पुरुषात 10 आणि स्त्रीत 9 मिलिमीटरपर्यंत ठीक. 12 च्या पुढे गेली तर बीपीचा हिशोब नव्यानं मांडायला हवा. एलव्हीआयडीडी ही डाव्या कप्प्याची रुंदी, वरची मर्यादा पुरुषात 58 आणि स्त्रीत 52 मिलिमीटरच्या आसपास, पण लहान चणीच्या माणसात त्याहून कमी आकडाही मोठा ठरतो. उंची-वजन न्यायला सांगितलं ते यासाठी. आरडब्ल्यूएमए लिहिलं असेल तर भिंतीचा एखादा भाग नीट हलत नाही, तिथे कधीतरी रक्त कमी पडलं असण्याची शक्यता. "नो आरडब्ल्यूएमए" म्हणजे तसं काही नाही.

आणि "ग्रेड 1 डायस्टोलिक डिस्फंक्शन". हे शब्द वाचून रडवेल्या झालेल्या आजी मला भेटतात. साठी-पासष्टीनंतर स्नायू सैलावायला थोडा वेळ घेतो, त्यामुळे हा शेरा कित्येकांच्या रिपोर्टमध्ये असतो. एलए नॉर्मल, भिंत नॉर्मल, ई बाय ई-प्राइम हा कप्प्यातल्या दाबाचा अंदाज देणारा आकडा 14 च्या आत, तर बीपी-शुगर सांभाळायची आणि निवांत राहायचं. पण हाच शेरा चाळिशीतल्या मधुमेही माणसाच्या रिपोर्टमध्ये असेल, किंवा सोबत एलए मोठा असेल, तर त्याला वयाचा परिणाम म्हणून सोडू नका.

सापडलं तर

त्रास नाही आणि गोळ्या मात्र आयुष्यभर, हे पचायला जड जातं. त्यासाठी 1992 मधल्या एका मोठ्या चाचणीचा दाखला मी देते. 4228 लोक, सगळ्यांचा ईएफ 35 किंवा कमी, हार्ट फेल्युअरचं एकही औषध चालू नाही. अर्ध्यांना एनालाप्रिल हे बीपीचं औषध दिलं. त्यांच्यात हार्ट फेल्युअर होण्याचा धोका 37 टक्क्यांनी घटला. म्हणजे बरं वाटत असतानाच घेतलेल्या गोळीनं हे केलं. आता त्या जातीची औषधं, बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणाऱ्या गोळ्या), आणि मधुमेहींसाठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या तज्ज्ञ देतात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट 2020 मध्ये संपल्यापासून ते आपल्याकडे बरंच स्वस्तही झालंय. डोस हळूहळू वाढवतात, मधे क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम तपासतात. तो रक्तनमुना चुकवू नका.

ईएफ 38 चा 55 झाला की "बरा झालो" म्हणून गोळ्या सोडायची इच्छा होते. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, हृदय मोठं होण्याच्या आजारातून सुधारलेल्या लोकांची औषधं देखरेखीखाली थांबवून पाहिली. सहा महिन्यांत त्यांतल्या 40 टक्क्यांहून जास्त लोकांचा आजार परत आला. सुधारलेला आकडा गोळ्यांमुळे आहे, असंच धरून चाला.

अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पूर्ण बंद. त्या अंगात पाणी धरून ठेवतात. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन चालू असेल तर आपल्या आपण थांबवू नका, पण डॉक्टरला नक्की दाखवा. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, त्यात लोणचं, पापड, खारी, फरसाण यांचंही धरायचं. बीपी 130/80 च्या आत. चालणं सोडायचं नाही, तज्ज्ञांना विचारून किती ते ठरवायचं.

शेवटचं काम घरातल्या इतरांचं. ईएफ कमी आहे, अँजिओग्राफीत ब्लॉक नाही, बीपी, दारू, केमो असं कारणही सापडत नाही, तेव्हा सख्खी भावंडं आणि मुलं यांचा ईसीजी आणि इको व्हायला हवा, ती कितीही तंदुरुस्त असोत. भाऊ नाशिकला, बहीण सांगलीला असेल तर तुमच्या रिपोर्टचा फोटो त्यांना पाठवा आणि तो त्यांच्या डॉक्टरला दाखवायला सांगा. नुसतं फोनवर "माझं हृदय जरा वीक आहे" म्हटलं तर कोणी तपासायला जात नाही. त्यांचा इको नॉर्मल आला तरी तीन ते पाच वर्षांनी परत करायचा. घरातली मुलगी गरोदरपणाचा विचार करत असेल तर तिचा इको सगळ्यात आधी करा.